फेब्रुवारीत मोजलेलं गाव आमचं नाही



काल हरभऱ्याची पेरणी उरकली. तिफण मी हाकली आणि चाड्यावर मूठ बायकोनं धरली. माझं वय पंचावन्न, तिचं पन्नास. बांधाच्या पलीकडं आमचे चुलते पेरत होते, त्यांची सत्तरी उलटून गेलीय. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत शिवारात चाळीसच्या आतलं एक माणूस दिसलं नाही.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. दिवाळी झाली की मुकादमाचे ट्रक अन् ट्रॅक्टर लागतात. भांडी, पत्रे, कोंबड्या, लेकरं सगळं वर चढतं आणि गाव उसाला जातं. यंदा सप्टेंबरच्या पावसानं सोयाबीन गेलं, कापसाची बोंडं सडली, त्यामुळं जे दोन वर्षं घरी थांबले होते त्यांनीबी उचल घेतली. माझा पोरगा आणि सून त्यातच गेले.

सोमवारी मी वही घेऊन वस्तीत फिरलो. ३८ घरं. २४ घरांना कुलूप. उघड्या १४ घरांत माणसं ३१. त्यातली साठीच्या पुढची १९, शाळेत जाणारी लेकरं ७, आणि मधल्या वयाची ५. त्या पाचांत आम्ही दोघं नवराबायको आलो. दसऱ्याला याच वस्तीत सोनं द्यायला-घ्यायला पावणेदोनशे माणूस होतं.

आता मला सांगा, आमच्या वस्तीची लोकसंख्या किती? ३१ का पावणेदोनशे?

हा प्रश्न रिकामपणाचा नाही. १६ जून २०२५ ला जनगणनेची अधिसूचना निघाली. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये घरयादी होणार, आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा धरायचा क्षण. म्हणजे पुढच्या हंगामात आमच्या टोळ्या ऐन उसात असतील तेव्हाच गावात प्रगणक येईल, कुलपं बघेल आणि पुढं जाईल. त्याची काय चूक? कुलपाला तो काय विचारणार.

२०११ ला नियम काय होता ते नीट समजून घ्या. ९ ते २८ फेब्रुवारी हा मोजणीचा काळ. या काळात जो माणूस एखादा दिवस जरी घरी असेल तो घरी धरायचा. जो या सगळ्याच काळात घरी नाही तो घरच्या यादीत धरायचा नाही, जिथं सापडेल तिथं धरायचा. कागदावर नियम बरोबर दिसतो. माणूस कुठंतरी एकदा मोजला जावा, दोनदा नको, एवढाच त्याचा अर्थ.

पण आमचा माणूस "सापडेल तिथं" कुठं सापडतो? २०११ च्या फेब्रुवारीत मी स्वतः उसात होतो. उसाच्या फडाजवळ माळावर आमच्या टोळीच्या कोप्या. पहाटे चारला फडात, दुपारी मोळ्या, गाडी भरली की रात्री कारखान्यावर. दर पंधरा-वीस दिवसांनी फड बदलला की कोपी मोडून दुसऱ्या गावच्या शिवारात. त्या महिन्यात आमच्या कोपीपाशी कुणी मोजायला आल्याचं मला आठवत नाही. आलंबी असेल, तर आम्ही फडात आणि कोपीत पाळण्यातलं लेकरू अन् त्याला सांभाळणारी आठ वर्षांची पोरगी. तिनं काय सांगितलं असेल? इकडं गावात आमची माय एकटी. ती म्हणली, "घरात मी एकटीच हाये बाबा." खोटं नव्हतं ते. त्या दिवशी एकटीच होती. पण आमच्या घरात माणसं सात होती.

मी दहावी पास, म्हणून टोळीची वही माझ्याकडं असायची. कोणाचा कोयता, कोणाचा अर्धा कोयता, कोणाची उचल किती, कोण आजारी पडलं, कोणाचा खाडा किती, सगळं त्या वहीत. एक बाई तापानं फणफणून दोन दिवस कोपीत पडली तरी तिचा खाडा लिहायचा चुकला नाही. वीस हंगामांत त्या वहीतून एक माणूस सुटलं नाही. कारखान्याला आम्ही मोजता येतो, मुकादमाला मोजता येतो. निवडणूक आली की पुढाऱ्यालाबी बरोबर मोजता येतो, फडातून मतदानाला न्यायला-आणायला गाड्या लागतात. मत मोजायचं असलं की गाडी येते. माणूस मोजायचा असला की आम्ही सापडत नाही म्हणतात. हे कसं काय?

काही जण म्हणतील, एका आकड्यानं एवढं काय बिघडतं? तर बिघडतं. लोकसंख्येवर काय काय ठरतं ते एकदा बघा.

ग्रामपंचायतीचे सदस्य लोकसंख्येवर. ६०० ते १५०० लोकसंख्येला ७ सदस्य, १५०१ ते ३००० ला ९. अनुसूचित जाती-जमातीच्या राखीव जागा त्या लोकसंख्येच्या प्रमाणात. वित्त आयोगाचा निधी मुख्यतः लोकसंख्येच्या वजनावर. आशाताई हजार लोकसंख्येला एक. अंगणवाडी साधारण ४०० ते ८०० ला एक. आरोग्य उपकेंद्र सपाटीवर ५००० ला, डोंगरी-आदिवासी भागात ३००० ला. नळयोजना माणशी रोज ५५ लिटर धरून. रेशनचा कायदा २०१३ चा, त्यात ग्रामीण ७५ टक्के आणि शहरी ५० टक्के लोक धरले, तेबी २०११ च्या आकड्यावर. तेव्हा ठरलेला इष्टांक भरला की सुनेचं, नातवाचं नाव चढवायला गेलं तरी "इष्टांक शिल्लक नाही" हे उत्तर.

आणि हा आकडा एकदा पडला की वर्षानुवर्षं हलत नाही. १८८१ पासून दर दहा वर्षांनी मोजणी होत आली. २०२१ ची मात्र हुकली. त्यामुळं २०११ चा फेब्रुवारी आम्ही अजून भोगतोय. जी पोरं तेव्हा पाळण्यात होती ती आता दहावीच्या पुढं गेली, पण गाव कागदावर तेवढंच आहे. आकडा एक तर शिळा, त्यात वरून फेब्रुवारीचा.

पाण्याचं बघा म्हणजे हिशोब डोक्यात बसंल. पट्टा पडतो मार्च-एप्रिलात. सगळी माणसं आणि बैलं गावात परत येतात तो महिना चैत्र-वैशाखाचा. विहिरी तळाला, बोअर आटलेले. म्हणजे गाव सगळ्यात जास्त भरतं तेव्हाच पाणी सगळ्यात कमी असतं. आणि पाणी द्यायचा आकडा कोणता? गाव सगळ्यात जास्त रिकामं होतं त्या महिन्यातला. २०१९ च्या दुष्काळात हे इतकं उघडं पडलं की २०११ चा आकडा सोडा, २०१८ ची लोकसंख्या आणि जनावरं धरून टँकर द्या, असं राज्य सरकारलाच सांगावं लागलं. म्हणजे आकडा पुरत नाही हे सरकारला कळतं. पण ते कळायला मे महिना आणि बाईच्या डोक्यावरचा रिकामा हंडा लागतो.

आता याच्या उलट बोलणारे काय म्हणतात तेबी बघू.

एक म्हणणं असं, की बीडची लोकसंख्या तर वाढलीच आहे. २००१ ला २१ लाख ६१ हजार होती, २०११ ला २५ लाख ८५ हजार झाली, मग कमी मोजलं कुठं? अहो, २००१ लाबी फेब्रुवारीतच मोजलं होतं. एकाच वाकड्या मापानं दोनदा मोजलं तर दोन मापांतला फरक दिसतो, माप वाकडं आहे ते दिसत नाही. आणि कमी कुठं पडतं ते जिल्ह्याच्या बेरजेत कळणारच नाही. परळी, अंबाजोगाई, माजलगाव अशी शहरं त्याच बेरजेत आहेत. ते डोंगरपट्ट्यातल्या एकेका वाडी-तांड्यात कळतं.

दुसरं म्हणणं, सगळीच खेडी ओस पडायलीत, तुमचं काय वेगळं? वेगळं आहे. कोकणात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये चक्क घटली. रत्नागिरी जवळपास १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. तिथला माणूस मुंबईला गेला तो तिथंच राहिला, तिथं मोजला गेला, तिथं त्याचं रेशनकार्ड झालं. त्याचं जाणं निदान आकड्यात दिसतं. आमचा माणूस सहा महिने इथला, सहा महिने तिथला. मोजतात तेव्हा तो तिथं, आणि जगतो-मरतो तेव्हा इथं. तिथल्या गावाच्या यादीत चढला असेल तर त्याच्या नावाचा निधी त्या गावाला. चढला नसेल तर कुठंच नाही. दोन्हीत आमच्या गावाच्या वाट्याला शून्य.

तिसरं म्हणणं जुनं आहे, खेड्यातल्या लोकांनी लेकरं कमी करावीत म्हणजे सगळं सुटेल. हे म्हणणाऱ्यानं आधी कागद बघावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागं सरासरी १.७ लेकरं. लोकसंख्या आहे तेवढी टिकायला २.१ लागतात. तिसरं लेकरू झालं की ग्रामपंचायतीचं सदस्यपद जातं, १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या लेकरांना तो नियम लागू आहे. लेकरं कमी झालीत. जमीनबी कमी झालीय. १९७०-७१ च्या कृषी गणनेत राज्यात एका खातेदारामागं सरासरी ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ ला १.३४ हेक्टर राहिली. माझ्या वडिलांनी ७२ च्या दुष्काळानंतर कोयता उचलला तेव्हा आमच्या खात्यावर १२ एकर होती. आज माझ्या नावावर साडेतीन. लेकरं कमी केल्यानं उद्याचं भागंल. आज जी माणसं आहेत ती तर मोजा.

मी जनगणनेच्या विरोधात नाही, हे ध्यानात घ्या. उलट मोजणी किती कामाची असते ते बीडकराला चांगलं माहीत आहे. २००१ ला आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या. २०११ ला ८०७ राहिल्या, राज्यात सगळ्यात कमी. तो आकडा आला तेव्हा आमची मान खाली गेली. पण तो आला म्हणूनच ओरड झाली, सोनोग्राफी केंद्रांच्या तपासण्या झाल्या, मुलगी झाली तर पेढे वाटायला लोक लागले. मोजलं म्हणून दिसलं. जे मोजत नाहीत त्याच्यासाठी ओरडबी होत नाही.

माझी नात उसात जन्मली, दोन वर्षांखाली, जानेवारीच्या थंडीत. जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते, २१ दिवसांत करायची असते. तेवढ्यात टोळीनं फड बदलला. दाखला काढायला पोराला पुढं तीन चकरा माराव्या लागल्या, प्रत्येक चकरेला दोन दिवसांचा खाडा. ती पोरगी आमच्या गावच्या जन्माच्या रजिस्टरात नाही. २०२७ च्या फेब्रुवारीत ती कुठं असंल? आईच्या पाठी, कोपीत. तिची अंगणवाडी कुठली, तिचा डोस कुणी द्यायचा, हे ज्या आकड्यावर ठरणार त्या आकड्यात ती यायला नको का?

आता या पानावर कृषी खात्यातले, विद्यापीठातले साहेब लोक वाचतात, त्यांना दोन शब्द. तुम्ही पीक पद्धतीचा अभ्यास करता तेव्हा पाऊस, माती, वाण सगळं बघता. आमच्या गावात ज्वारी का कमी झाली ते मातीत शोधू नका. ज्वारी काढायला येते फेब्रुवारीत. ती काढायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, त्याला हात लागतात, आणि हात उसात असतात. हरभरा दोन म्हाताऱ्यांना झेपतो म्हणून हरभरा वाढला. कडबा कमी झाला, कडबा नाही म्हणून जनावरं कमी झाली, जनावरं नाहीत म्हणून शेणखत नाही, आणि मग तुम्ही माती परीक्षण करून सांगता की सेंद्रिय कर्ब कमी आहे. साहेब, तो कर्ब ट्रकात बसून गेला.

आणखी एक. जनगणनेत कामाचा प्रश्न असतो. वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं ते मुख्य काम करणारे, आणि त्यातबी ज्याला वेळ जास्त जातो ते काम लिहायचं. २०११ ला देशात शेतकरी ११ कोटी ८७ लाख आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख निघाले. २००१ ला शेतकरी जास्त होते. त्या शेतमजुरांत आमच्यासारखे किती असतील, ज्यांचा सातबारा आहे पण कोयताबी आहे? सातबारा असून मजूर. आणि बायांचं तर विचारूच नका. घरातला माणूस ओट्यावर बसून सांगतो, "ती घरीच असती." आणि ती तेव्हा रानात खुरपत असती.

मग करायचं काय? तारीख बदला असं मी म्हणत नाही. तसं म्हणायलाबी जागा आहे, कारण लडाख आणि हिमाचल, उत्तराखंड, जम्मू-काश्मीरच्या बर्फाच्या भागाला वेगळी तारीख दिलीच आहे, १ ऑक्टोबर २०२६. बर्फात माणसापर्यंत पोचता येत नाही म्हणून. आमच्यात बर्फ नाही, पण फेब्रुवारीत माणूसबी नाही. तरी सगळ्या जिल्ह्यासाठी तारीख बदलणं अवघड, हे मला कळतं. म्हणून ज्याला वेगळा कायदा लागत नाही एवढंच मागतो.

पहिलं, कोप्यांसाठी वेगळे प्रगणक. प्रत्येक कारखान्याकडं टोळ्यांची यादी असते, कोणती टोळी कोणत्या शिवारात आहे ते शेतकी विभागाला रोज माहीत असतं. ती यादी घेऊन जा, आणि रात्री आठनंतर जा. दिवसा कोपीत कुणी नसतं.

दुसरं, घरयादीच्या वेळी घरात नेहमी राहणारी माणसं किती हा प्रश्न विचारतातच. आमच्या जिल्ह्यात ती यादी टोळ्या गावात असताना, पावसाळ्याच्या तोंडावर किंवा पावसाळ्यात करा. मग तो आकडा आणि फेब्रुवारीचा आकडा गावनिहाय शेजारी शेजारी छापा. फरक किती ते सगळ्यांना दिसू द्या. शाळेचा पट ३० सप्टेंबरचा धरतात, कारण तेव्हा लेकरं हजर असतात. शाळेला जी अक्कल आहे ती बाकीच्यांनी उसनी घ्यावी.

तिसरं, ज्या गावात हा फरक मोठा आहे तिथं पाणी, अंगणवाडी, आशाताई आणि रेशन यांना भरल्या गावाचा आकडा धरा.

चौथं आपल्यासाठी. दसऱ्याच्या आधी ग्रामसभा घ्या आणि कोणतं घर कुठं चाललंय, किती माणसं, किती लेकरं, याची यादी ठरावासोबत लावा. मुकादमाच्या वहीत नाव जाण्याआधी ग्रामपंचायतीच्या वहीत गेलं पाहिजे. कोपीवर प्रगणक आला नाही तर टोळीतल्या शिकलेल्या पोरानं जवळच्या ग्रामपंचायतीत जाऊन सांगायचं, आमची मोजणी राहिलीय. यंदा मोबाईलवर स्वतः माहिती भरायची सोय येणार आहे, ती समजून घ्या. बाईचं काम विचारलं तर शेती सांगा. पोरगी सांगायला विसरू नका.

आणि खोटं सांगू नका. गावाचा आकडा फुगवायला इथंबी नाव आणि तिथंबी नाव, हा धंदा करायचा नाही. आपली मागणी खऱ्या आकड्याची आहे. भ्यायचंबी काही कारण नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यानं विचारलेली माहिती देणं बंधनकारक आहे, आणि दिलेली माहिती गुप्त ठेवणं सरकारवर बंधनकारक आहे. त्यावरून कुणाचं रेशन तुटत नाही.

आमचे चुलते काल बांधावर बसून विचारत होते, "तू वही घेऊन कशाला फिरायलास रे? जनगणना तर सरकार करतंय." मी म्हणलं, काका, तुम्ही पेरणीला बी मोजून घेता का नाही? किती टाकलं ते माहीत नसलं तर किती उगवलं ते कसं कळणार? ते हसले, म्हणले, "आपलं बी तर दुसऱ्याच्या रानात पडायलंय."

त्याच्यावर मला काही बोलता आलं नाही.

ज्यांच्या गावातून टोळ्या जातात त्यांनी आपली वस्ती या आठवड्यात मोजून ठेवा. किती घरं, किती कुलपं, मागं किती माणसं, त्यांची वयं. तारीख टाका, खाली सही करा, एक प्रत ग्रामसेवकाकडं द्या. २०२७ ला तो कागद दाखवायला कामाला येईल.

उद्या तुरीवर फवारणी आहे. पंप पाठीवर घ्यायला माणूस मिळालं तर.